विचारा ना ताई : मुलांच्या ताटातलं उरलेलं आणि आईचं वजन

ताई, मी ३८ वर्षांची, डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टला. पाचला उठून तीन डबे करते, पावणेआठची फास्ट पकडते. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, मग डायरेक्ट दीडला डबा, त्यावर ऑफिसचा चहा, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव नाहीतर समोसा आणि रात्री दहा-साडेदहाला सगळ्यांचं झालं की मी, त्यात मुलाने टाकलेला भातही मीच संपवते. दोन वर्षांत ८ किलो वाढलंय, ब्रिज चढताना धाप लागते. जिम लावू का? आणि लावली तरी जाऊ कधी?

जिमचं नंतर बघू. आधी ती धाप. तुम्ही ती वजनाच्या खात्यात टाकलीत, पण मला हिमोग्लोबिनची शंका येतेय. तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांना दाखवाच, ते सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) आणि थायरॉइड करायला सांगतील, आणि छातीत दुखत असेल तर आठवडासुद्धा थांबू नका. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना तो निघाला होता. म्हणजे तुमच्या लेडीज डब्यातल्या निम्म्या जणी!

आता खाणं. वेगळं काहीही बनवू नका, तीन डबे करणाऱ्या बाईला मी चौथा ओट्सचा डबा करायला सांगितला तर पाप लागेल मला. फक्त वेळा हलवायच्या. डबे भरताना पहिली गरम पोळी तुमची, भाजी घालून गुंडाळी करायची आणि ओट्याशी उभ्या उभ्या खाऊन टाकायची (गाडीत खाऊ म्हणाल तर पावणेआठच्या फास्टमध्ये हात तोंडापर्यंत येत नाही, माहितीये मला). डब्यात आठवड्यातून तीन-चारदा मटकी, चवळी, छोले असं काहीतरी टाका, वरून लिंबू पिळा, कारण हिमोग्लोबिनला लोह लागतं आणि डाळी-कडधान्यांतलं लोह नुसतं नीट शोषलं जात नाही, व्हिटॅमिन सी सोबत असलं की जातं. आणि डब्यावरचा चहा बंद. कायमचा नाही हो, जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको एवढंच, चहातलं टॅनिन ते लोह अडवतं. साडेतीनला प्या ना मजेत.

संध्याकाळची भूक खरी आहे, ती जिद्दीने मारायला जाऊ नका, वडापावच जिंकतो. पर्समध्ये फुटाण्यांची पुडी ठेवा आणि ऑफिसमधून निघतानाच एक मूठ खा, स्टेशनवर पोचल्यावर नाही. ३० ग्रॅम फुटाण्यात साधारण एका अंड्याएवढं प्रोटीन असतं. वडापाव शुक्रवारी खा, चटणीसकट.

मुलाच्या ताटातल्या भाताचं मात्र स्पष्ट बोलते, कारण मीपण हेच करायचे. अन्न टाकवत नाही आपल्याला, लहानपणापासून तेच ऐकलंय. पण मग त्याला वाढतानाच कमी वाढा, लागलं तर मागेल. आणि पातेल्यात उरलेला भात फ्रीजमध्ये जाऊ दे, सकाळी फोडणीचा होईल. तुमचं पोट म्हणजे घरातला जादाचा डबा नव्हे. आणि आठवड्यातून दोन दिवस तरी सगळ्यांबरोबर बसून जेवा, वाढायला नवऱ्याला हात आहेत.

व्यायाम? सीएसएमटीहून फोर्टला चालत जाता ना? १५ मिनिटं जाताना, १५ येताना, पाच दिवस, झाली १५० मिनिटं! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान तेवढं सांगते, फक्त भरभर चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. राहिली ताकद, ती आठवड्यातून दोनदा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून दहा-पंधरा उठाबशा, मग भिंतीला हात लावून दहा-बारा पुशअप्स. हे रिपोर्ट आल्यावर आणि डॉक्टर हो म्हणाल्यावर. जिमची फी तोवर राहू दे बँकेत.

ताई, माझं बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पाजते. सासूबाई रोज डिंकाचे नाहीतर अळिवाचे लाडू देतात. मला वजन कमी करायचंय, नाही म्हणू का?

नको ना. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात, आणि अळिवात लोह असतं. रोज एक लाडू खुशाल खा, तीन नकोत. आत्ता डाएट नाही, पोटाचे क्रंचेससुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत, बाळाला घेऊन चालायला जा.

ताई, मी सकाळी उठल्यावर लिंबू-मध-गरम पाणी घेते आणि जेवल्यावर ग्रीन टी. तरी वजन हलत नाही!

कसं हलेल? मोठा चमचाभर मधात ६० च्या आसपास कॅलरी असतात, आणि ग्रीन टीसुद्धा चहाच, जेवणावर घेतला की तोही लोह अडवणारच. ते लिंबू वाचवा आणि दुपारी उसळीवर पिळा.