आमदार फुटला, सोयाबीन पडलं, डीएपी संपलं

वाचक विचारतात

यंदाच्या पत्रांत राजकारण जास्त आणि शेती कमी असं वरवर वाटतं. वाचत गेलं की दोन्ही एकाच पोत्यातलं निघतं. पानठेल्यावरची भाषा गाळून प्रश्न ठेवले आहेत. उत्तरं कायदा, बाजार आणि खतं या विषयांतल्या आमच्या जाणकारांची आहेत.

आम्ही ज्या चिन्हाचं बटन दाबलं ते सोडून आमचा आमदार दुसऱ्याच गटात जाऊन बसला. पुढच्या निवडणुकीची वाट पाहणं एवढंच हाती आहे का?
– एक मतदार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

आमदारापुरतं बोलायचं तर जवळजवळ तेवढंच. आमदार-खासदाराला मतदारांनी परत बोलवायची सोय आपल्या कायद्यात नाही. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, पक्षाची मोट बांधून ठेवायला आहे, मतदारासाठी नाही. ‘एक तृतीयांश फुटले की वाचतात’ असं अजूनही पारावर ऐकू येतं. ती पळवाट २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं बंद झाली. आता दोन तृतीयांश लागतात, तेही दुसऱ्या पक्षात विलीन होण्यासाठी. म्हणून २०२२ ला शिवसेनेत आणि २०२३ ला राष्ट्रवादीत कोणीच ‘आम्ही फुटलो’ म्हणालं नाही. सगळे ‘खरा पक्ष आम्हीच’ म्हणाले, आणि भांडण चिन्हाच्या १९६८ च्या आदेशाखाली निवडणूक आयोगापुढं गेलं.

या कायद्याचं मोठं भोक म्हणजे निकालाला मुदत नाही. अपात्रतेचा अर्ज विधानसभेच्या अध्यक्षांपुढं जातो आणि अध्यक्ष बहुतेक वेळा सत्तेतल्या बाजूचेच असतात. तीन महिन्यांत निकाल द्यावा असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० ला सांगितलं होतं. शिवसेनेचं प्रकरण २०२२ च्या जूनमध्ये सुरू झालं आणि अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला आला. त्यात दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीत गोष्ट जरा हाताजवळची आहे. तिथं १९८६ चा वेगळा कायदा लागतो आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो. निकालानंतर गट नोंदवला का, व्हीप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा पक्षाचा आदेश, कोणी काढला आणि तो सदस्याच्या हाती पोचल्याची सही आहे का, यावर ही प्रकरणं टिकतात किंवा पडतात. पोच नसेल तर वकील कितीही मोठा करा, फायदा नाही.

नोटाचा विचार करत असाल तर एवढं लक्षात घ्या: विधानसभेत नोटा पहिला आला तरी निवडणूक रद्द होत नाही, उमेदवारांत जो पुढं तोच आमदार. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. निकालावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही.

सरपंच थेट जनतेतून निवडून आलेला आहे. ग्रामसभा कागदावरच होतात. अविश्वास आणायचा आहे, रीत सांगा.
– तिघे सदस्य, ता. आर्वी, जि. वर्धा

रीत सांगतो, पण तुमच्या तक्रारीला दुसरं हत्यार जास्त लागू पडेल.

आधी अविश्वास. सरपंच निवडून येऊन दोन वर्षं झाली नसतील किंवा मुदतीचे शेवटचे सहाच महिने उरले असतील तर ठराव आणता येत नाही. नोटीस तहसीलदारांकडं द्यायची, ते सात दिवसांत सभा बोलावतात. ठराव तीन चतुर्थांशांनी मंजूर व्हावा लागतो. अपूर्णांक आला की पुढचा आकडा धरा: मत द्यायचा हक्क सात जणांना असेल तर सव्वापाच येतात, म्हणजे सहा लागतात. नऊ जणांना असेल तर सात. एवढ्यावर संपत नाही. थेट निवडलेल्या सरपंचाच्या बाबतीत विशेष ग्रामसभा होते आणि गावानं गुप्त मतदानानं तो ठराव उचलून धरावा लागतो. बिघडतं ते इथंच. सदस्यांना चार दिवस देवदर्शनाला नेऊन आकडा जमवता येतो, गावाला नेता येत नाही. सदस्यांचं पॅनल आणि सरपंचाचं पॅनल वेगळं असेल तर लोक याला सदस्यांचं घरचं भांडण समजतात आणि सरपंच पहिल्यापेक्षा घट्ट होतो.

आता दुसरं हत्यार. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ प्रमाणे वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी दोन सभा सबळ कारणाशिवाय घेतल्या नाहीत तर सरपंच पदावर राहायला अपात्र ठरू शकतो. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. त्यासाठी बहुमत लागत नाही, कागद लागतो. माहिती अधिकाराचा साधा अर्ज करा, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत ठेवा. मागायचं ते हे: गेल्या दोन वर्षांच्या ग्रामसभांच्या नोटिसा, दवंडीची नोंद, उपस्थितीचं रजिस्टर आणि इतिवृत्त. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी.

रजिस्टर हाती आलं की कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, तपासा. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा लहान तो कोरम. गावोगावी चालणारी युक्ती अशी: पहिली सभा कोरमअभावी तहकूब दाखवायची, मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून दहा-बारा डोक्यांत ठराव उरकायचे. त्यात पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेबाहेरचा विषय घुसवलेला सापडला तर तो मुद्दा लेखी मांडा.

एक जाता जाता. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणावरूनही पद जातं, आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर घरच्यांचं अतिक्रमणही सदस्याच्या माथी येतं. ही तक्रार करायच्या आधी तिघांनीही आपापला गोठा आणि ओटा मोजून घ्या. समोरची बाजूही टेप घेऊन बसलेलीच असते.

लढाई सुरू झाली त्या वर्षी सोयाबीन ७ हजारांवर होतं. लढाई तर पुढंही चालूच राहिली, मग भाव का मेला? इथं सगळे पुतिनचं नाव घेतात.
– एक कास्तकार, ता. कारंजा, जि. वाशीम

कारण सोयाबीन तेलावर कमी आणि ढेपेवर जास्त चालतं. क्विंटलभर दाणा गाळला की तेल साधारण १८ किलो निघतं, आणि ढेप, म्हणजे व्यापारी जिला डीओसी म्हणतात ती, ८० किलोच्या आसपास. तेल किलोमागं १० रुपयांनी चढलं तर क्विंटलला १८० रुपये येतात. ढेप किलोमागं ५ रुपयांनी उतरली तर ४०० जातात. अडत्या बोली लावतो तेव्हा त्याच्या डोक्यात हा हिशेब असतो.

रशियानं २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर चढाई केली आणि काळ्या समुद्रातली बंदरं अडली. आपलं आयात सूर्यफूल तेल बहुतांश युक्रेनचं, मग रशियाचं, ते थांबलं. त्यातच इंडोनेशियानं एप्रिलच्या शेवटी पामतेलाची निर्यात बंद केली, ती मे महिन्यात उघडली. तेवढ्या काळात तेलाला दुसरं दार नव्हतं आणि सोयाबीन चढलं.

उतरलं ते मात्र बरंचसं दिल्लीमुळं. २०२२ च्या मे महिन्यातच केंद्रानं कच्चं सोयातेल आणि कच्चं सूर्यफूल तेल वर्षाला प्रत्येकी २० लाख टन बिनशुल्क आणायची मुभा दोन वर्षांसाठी दिली. ढेपेलाही दुसरा गडी भेटला. मका आणि तांदळाचं इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, डीडीजीएस, कोंबडीखाद्यात ढेपेच्या जागी चालतो आणि स्वस्त पडतो. सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के झालं तेव्हा जरा आशा होती. ३० मे २०२५ ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणलं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला खरा, पण शुल्क खाली ओढायचं आणि हमीभाव वर दाखवायचा, ही दोन बैलं दोन दिशांना जुंपलेली आहेत.

लढाईचा खरा फटका आडवाटेनं कापसाला बसला. रशियाचं खनिज तेल घेतो म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावरचं शुल्क २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्क्यांवर नेलं. कापड गिरण्यांना दिलासा म्हणून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासूनच काढलं होतं, ते ३१ डिसेंबरपर्यंत माफ ठेवलं. म्हणजे आपल्या वेचणीच्या हंगामात. तेव्हा पुतिनचं नाव घ्यायला हरकत नाही, पण शुल्काच्या कागदावर सही त्यांची नाही. आणि तेलाचा डबा स्वस्त करा म्हणून ओरडणारे मतदार कास्तकारांपेक्षा जास्त आहेत. सत्तेत कोणताही पक्ष असो, तो हे मोजूनच असतो.

हमीभाव केंद्रावर जायचं तर दोन गोष्टींवर गाडी परत येते. सोयाबीनला ओलावा १२ टक्के धरतात. कापसाला ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ पर्यंत कपात, त्यावर घेतच नाहीत. दुसरी गोष्ट सातबारा: ई-पीक पाहणीत ते पीक चढलेलं नसेल तर माल कितीही वाळलेला असो, चुकारा तुमच्या नावानं निघत नाही.

डीएपी खत मागितलं की दुकानदार म्हणतो लढाईमुळं माल नाही. मग शेजाऱ्याला दोन बाटल्यांसोबत कसं मिळालं?
– एक महिला शेतकरी, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. डीएपीचा कच्चा माल आणि तयार खत, दोन्ही आपण बाहेरून आणतो. लढाईनं गॅस महागला, गॅसवरून अमोनिया महागला. चीननं तर फॉस्फेट खतांची निर्यात लढाईच्या आधीच, २०२१ पासून, आवळली होती. बॅगेचा भाव मात्र १,३५० रुपयांवर धरून ठेवलेला, वरचा बोजा अनुदानाचा. बाहेरचा भाव अनुदानापेक्षा पुढं गेला की आणणाऱ्याला तोटा होतो आणि तो माल कमी आणतो. म्हणून आपल्याकडं महागाई दिसत नाही, टंचाई दिसते.

बाटल्यांचं मात्र लढाईशी नातं नाही. नॅनो युरिया किंवा सूक्ष्म अन्नद्रव्य घेतल्याशिवाय बॅग न देणं याला लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. पॉस मशीनवर अंगठा लावल्यावर निघणारी पावती मागा, दुकानातल्या साठा फलकाचा तारखेसह फोटो घ्या आणि तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पावतीशिवाय तक्रार म्हणजे पोकळ बाता.

तोवर पेरणी थांबवू नका. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगांतून २४ किलो स्फुरद मिळतं, आणि २० किलो युरियातून ९ किलोच्या वर नत्र. वर सुपर फॉस्फेटमधून १६ किलोवर गंधक मिळतं, जे डीएपीत नसतंच आणि सोयाबीनसारख्या तेलबियाला हवंच असतं. वाहतूक आणि मजुरी वाढते, हा तोटा खरा. युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या रात्री मिसळून ठेवू नका. ओल धरून गोळे होतात आणि पेरणी यंत्राच्या नळ्या बुजतात.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं नेत्याचं बिघडवलेलं चित्र टाकलं. कार्यकर्ते ॲडमिनला गुन्ह्याची धमकी देतात.
– ग्रुपचा ॲडमिन, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया

तुमच्याच जिल्ह्यातल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ ला सांगितलं आहे: सदस्यानं टाकलेल्या मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार नाही. त्याची त्यात मिलीभगत दिसली तर गोष्ट वेगळी. नेत्यावर कडक टीका हा गुन्हा नाही. आयटी कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ लाच रद्द केलं. जात-धर्मावरून तेढ लावणारं, बाईमाणसाचं चित्र बिघडवलेलं किंवा खोटी बातमी असेल तर मात्र लगेच काढा. काढायच्या आधी तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा.

एजंट म्हणतो, रशियात गोदामात हेल्परची नोकरी, महिना लाखभर. पोरगा तयार आहे. पाठवावं का?
– एक वडील, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

एजंटच्या तोंडच्या भरवशावर नको. हेल्पर म्हणून नेलेल्या भारतीय पोरांना रशियाच्या सैन्यात घातल्याची प्रकरणं घडली आहेत, सीबीआयनं मार्च २०२४ ला गुन्हाही नोंदवला. काही त्यात मेले.

एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. परवानाधारकाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार घेता येतं, जीएसटी धरून ३५,४००. चार-पाच लाख मागणारा तिथंच उघडा पडतो. आखाती देशांत दहावी न झालेल्या कामगाराला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. रशिया त्या यादीत नाही, म्हणून विमानतळावर कोणी अडवणार नाही. व्हिसा पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून असेल तर विषय तिथंच बंद करा. करार रशियन भाषेत असेल तर भाषांतर हाती आल्याशिवाय सही नको, तिथं उतरल्यावर पुढं केलेल्या दुसऱ्या कागदावर तर मुळीच नको. पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो घरी ठेवा. तिथं पासपोर्ट काढून घेतला तर मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाला आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर हेच फोटो द्यावे लागतात.