चित्राला ‘नाही’ म्हणता येत नाही

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पोळ्याचं चित्र आणि त्याच प्रसंगावरची कथा, दोन्ही मिळाली. चित्र फार आवडलं. तोरणाखालची गर्दी, बैलांच्या मठाट्यांचा साज, पावसानं भिजलेला गाव, सगळं एका नजरेत पोचतं. कथेत तेवढ्यासाठीच तू दोन पानं घालवलीस, तरी ते चित्राइतकं उजळलं नाही. झुलींचे रंग सांगणं हे कुंचल्याचं काम.

पण एक जागा अशी आहे, जी तुला कधीच रंगवता येणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, बाबा पळसाच्या पानानं एकाच बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि सवयीनं दोघांना म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ दुसरा बैल दुबार पेरणीच्या बियाण्यापायी विकलेला. रिकामा खुंटा तू काढशील गं. पण तिथं कोण असायचा, दरवर्षी काय व्हायचं, पाऊस वेळेवर आला असता तर काय टळलं असतं, हे रंगात कसं उतरवशील? चित्राखाली नाव लिहिलंस, तर शब्दांचीच मदत घेतलीस.

अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं घे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं ते करवलं. हरिषेण वाकाटकांच्या ज्या शाखेचा, तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. तिथली मान टाकलेली स्त्री ‘मरणासन्न राजकुमारी’ म्हणून प्रसिद्ध आहे. ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको सुंदरी, आणि समोर आणलेला मुकुट भिक्षू झालेल्या नवऱ्याचा, हे कथा ठाऊक असणाऱ्यालाच कळतं. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात ती त्याला निघताना बजावते, माझ्या चेहऱ्यावरची ओली नक्षी सुकायच्या आत परत ये. भिंतीवरचं तिचं कोसळणं अप्रतिम आहे, त्यापुढे शब्द थिटे पडतात. पण ती अट, त्याचं कबूल होणं, नक्षी सुकत चाललेली असतानाची तिची घालमेल, हे सगळं एकामागून एक घडतं. ते वाक्यालाच सांगता येतं.

तेव्हा झुलींची दोन पानं काढून टाक. बैल बाजारात नेला त्या सकाळी बाबा काय बोलले आणि त्यांच्या मनात काय होतं, ते वेगवेगळं लिही. मायनं किंमत विचारली का? नसेल, तर का नाही? पुढच्या खेपेला नुसती कथा पाठव. सोबत चित्र असलं की तू त्याच्यावर विसंबतेस.