महापेच्या लॅबमध्ये नवीन लागलास ना, मग हे वाच

अरे, पहिली गोष्ट, बेंझिनसारख्या रिंगवर अमाइन (नायट्रोजनवाला रेणू) जोडायचंय म्हटलं की लगेच पॅलेडियमकडे, म्हणजे रिॲक्शन घडवणाऱ्या त्या महागड्या धातूकडे, धावू नकोस, आधी बघ की धातूशिवाय होतंय का. लिनेझोलिड माहितीये ना, टीबीच्या अवघड केसेसमध्ये देतात ते, त्याची सुरुवातच ३,४-डायफ्लोरोनायट्रोबेंझिन आणि मॉर्फोलिन नावाच्या अमाइननं होते, रिंगवरच्या नायट्रो गटाच्या समोरचा फ्लोरिन निघतो आणि त्या जागी मॉर्फोलिनचा नायट्रोजन बसतो, बेस आणि थोडी गरमी, बस्स. पेशंटची गोळी स्वस्त होते ती अशा ठिकाणी.

तसं नाही जमलं तर कॉपर. कॉपर वापरून रिंगवर अमाइन जोडायची उलमनची रिॲक्शन १९०३ची आहे, म्हातारी म्हणून सोडू नको, नवीन लिगँड (कॉपरला धरून ठेवणारे रेणू) घातले की टेंपरेचर बरंच खाली येतं. शिवाय तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आणि कॉपरची ३०००, म्हणजे प्युरिफिकेशनचा खर्चही वाचतो. वर्कअपला (रिॲक्शननंतरच्या धुलाईला) अमोनियाचं पाणी घाल, सेपरेटिंग फनेलमध्ये पाण्याचा थर कॉपरमुळे गडद निळा होईल, ते निळं पूर्ण जाईपर्यंत धूत राहा, मी सुरुवातीला दोनदा धुऊन थांबलो आणि अख्खी बॅच हिरवट आली, रात्रीची तुर्भ्याची शेवटची लोकल गेली ती वेगळीच.

आणि हो, रिकव्हर केलेलं डीएमएफ (डायमिथिलफॉर्मामाइड, एक सॉल्व्हंट) स्वस्त पडतं म्हणून डोळे झाकून वापरू नको, त्यात डायमिथिलअमाइन असू शकतं, नायट्राइट भेटलं की नायट्रोसमीन, कॅन्सरचा धोका असलेलं. २०१८ला व्हॅलसार्टनच्या (ब्लड प्रेशरच्या) गोळ्या जगभर परत मागवाव्या लागल्या त्या ह्याच प्रकारामुळे. ड्रम वापरायच्या आधी त्यातल्या नमुन्याची जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, आत काय काय आहे ते दाखवणारी तपासणी) लाव.