होमस्कूलिंगमध्ये ट्रिपचं बजेट करायला दिलं तर मुलं खरंच काही शिकतात का?

शिकतात, पण बजेट खरं असलं तरच. तुम्ही लिहिलंय की तुमची ९ आणि १२ वर्षांची मुलं घरीच शिकतात, वर्कबुकला कंटाळलीत, आणि "समजा तुमच्याकडे १०,००० रुपये आहेत" असं प्रोजेक्ट दिलं तरी दोन दिवसात सोडून देतात. सोडणारच, कारण त्या दहा हजारात कुणीच कुठे जाणार नाहीये हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आम्ही पुण्याचे. मुलगी ११ ची आणि मुलगा ८ चा असताना वेरूळ, अजिंठा, लोणार अशी ट्रिप त्यांच्या हातात दिली. एकूण रक्कम आम्ही सांगितली, त्यात काय बसवायचं ते त्यांनी ठरवायचं, फक्त रात्रीचा प्रवास आणि आजीचे गुडघे या दोन बाबतीत आमचा शब्द शेवटचा.

पहिला वाद एसटी की गाडी. एसटीत बाबाचं तिकीट फुल, मला महिलांची ५० टक्के सवलत, दोन्ही मुलं १२ च्या आतली म्हणून हाफ, आणि आजीला ७५ पूर्ण झालेली म्हणून फुकट, म्हणजे पाच माणसं अडीच तिकिटांत! हे अडीच धाकट्याने कागदाचे तुकडे मांडून काढलं, अपूर्णांकांचं पुस्तक न उघडता. मग ताईने गाडीचं काढलं, पुण्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण २३५ किमी, आमच्या गाडीचं ॲव्हरेज १६, म्हणजे एका बाजूला पंधराएक लिटर पेट्रोल, वर टोल. मग तिच्या लक्षात आलं की गाडीत दोघं बसा नाहीतर पाच, पेट्रोल जवळपास तेवढंच, एसटीचा खर्च मात्र माणसागणिक वाढतो. मोठी माणसं ज्याला फिक्स्ड आणि व्हेरिएबल कॉस्ट म्हणतात ते तिला असं कळलं, मी फक्त नंतर नाव सांगितलं. शेवटी जायचं एसटीने आणि लोणारला एक दिवस भाड्याची गाडी असं ठरलं.

दुसरं कोडं वारांचं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारी हॉटेलचे दर चढलेले आणि लेण्यांत गर्दी, ती आपल्याला टाळता येते कारण आपल्याला शाळेची सुट्टी बघायची नसते (होमस्कूलिंगचा हा फायदा लोक फारसा वापरतच नाहीत असं मला वाटतं). आणि सोमवार-मंगळवार या दोनच दिवसांत दोन्ही बघायचं तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा हे एवढंच बसतं, आणि ते शोधायला मुलीला अख्खी संध्याकाळ लागली, पण मी उत्तर सांगितलं नाही, प्लीज तुम्हीही सांगू नका. तिकिटात १५ च्या आतल्यांना प्रवेश फुकट, मोठ्यांना ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५, तिघांचे एका ठिकाणी १५ रुपये वाचतात. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावरून पुढे शटल बसच घ्यावी लागते, तो खर्च वेगळा धरायचा.

आता हाताने करायचं. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, हे नुसतं सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. जायच्या आधी दोघांना कपडे धुवायच्या साबणाची एकेक वडी आणि बोथट चमचा दिला, नियम एकच, वरून सुरुवात आणि काढलेलं परत चिकटवायचं नाही. मुलाच्या हत्तीची सोंड गेली तेव्हा तो खूप रडला, पण कैलासाच्या अंगणातला हत्ती बघून तो जसा जागच्या जागी उभा राहिला तसं साबणाशिवाय झालं नसतं. लोणारचं विवर उल्का आदळून झालंय, ते समजायला परातीत मैदा, वर तिखटाचा पातळ थर, त्यात वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या टाकून खड्ड्याचा व्यास मोजायचा आणि ग्राफ काढायचा. मग खऱ्या विवराच्या काठावर उभं राहून १.८ किलोमीटर व्यास म्हणजे काय ते कळतं. लोणारचं पाणी खूप अल्कधर्मी आहे, पीएच १० च्या आसपास, त्यामुळे घरी लिंबू, साबणाचं पाणी, खायचा सोडा असं पीएच पट्टीने तपासून ठेवलं होतं. ते अभयारण्य आहे, तिथे पाण्याला हात लावायच्या आधी वनखात्याच्या माणसांना विचारा.

आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मी ठरवलेलीच नव्हती. संभाजीनगरच्या, ताजमहालासारख्या दिसणाऱ्या बीबी का मकबऱ्यात खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत संगमरवर आहे, मधे काळा दगड आणि त्यावर गिलावा, आणि घुमट परत संगमरवरी. मुलीने विचारलं, यांचं पण बजेट कमी पडलं का? मग तिथेच ताजमहालाशी तुलना सुरू झाली, खर्च ६,६८,००० रुपयांच्या आसपास झाल्याची नोंद सांगतात ते वाचलं, आणि ती म्हणाली की जिथे हात लागतो आणि जे लांबून दिसतं तिथेच त्यांनी पैसे घातलेत. हा तिचा अंदाज, पुस्तकातला नाही, पण घरी चार दिवस "हॉटेल साधं घेऊ पण लोणारची गाडी नको कापायला" असं भांडलेल्या मुलीलाच तो सुचू शकतो.

रोज रात्री वहीत ठरलेला खर्च आणि झालेला खर्च शेजारी-शेजारी लिहायचा, फरक का आला तेही एका ओळीत. उरलेले पैसे मुलांना देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, नाहीतर ती जेवणातच कात्री लावतात. आम्ही ते पुढच्या ट्रिपच्या डब्यात टाकतो.

दहावीची काळजी लिहिलीत, तर एनआयओएसची (म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी वयाच्या १४ पासून देता येते, थोरल्याकडे वेळ आहे. त्याला दोन दिवसांची जवळची ट्रिप पूर्ण द्या, धाकट्याला फक्त खाण्यापिण्याचा हिशोब, आणि एकदा सांगितलेली रक्कम कितीही गयावया केली तरी मधेच वाढवू नका.