औद्योगिक भागातल्या जमिनीवर सेल्फ स्टोरेज काढायचंय, झोन बदलून मिळेल का?

तुम्ही विचारलंय की औद्योगिक पट्ट्यात अडीच एकराचा प्लॉट बघून ठेवलाय, त्यावर भाड्याने द्यायचे स्टोरेजचे गाळे बांधायचेत, तर झोन, म्हणजे त्या जमिनीवर काय चालेल हे ठरवणारा वर्ग, बदलून घ्यावा लागेल का आणि ते कितपत अवघड जातं. मी आर्किटेक्ट किंवा वकील नाही, पण असे दोन प्रस्ताव फाइल काखेत मारून शेवटपर्यंत चालवलेत, एक सपशेल आपटला, एक मंजूर झाला.

आधी झोन बदलायची खरंच गरज आहे का ते बघा. नियमावलीत 'गोदाम चालेल' असं दिसलं की माणूस खूश होतो, मीही झालो होतो, पण त्याच नियमावलीत व्याख्यांचं एक कंटाळवाणं प्रकरण असतं आणि सगळी गोम तिथे असते. इंग्लंडमध्ये 1987 पासूनच्या वापर-वर्गांत साठवणूक आणि वितरणाचा बी8 वर्ग आहे, सेल्फ स्टोरेज साधारण त्यातच धरतात, त्यामुळे जागा आधीच बी8 असेल तर वापर बदलाचा प्रश्न सहसा येत नाही. अमेरिकेत गावागणिक वेगळं, कित्येक ठिकाणी वेअरहाउस आणि मिनी-वेअरहाउस (म्हणजे आपलं सेल्फ स्टोरेज) हे दोन वेगळे वापर लिहिलेले असतात, एकाला सरळ परवानगी आणि दुसऱ्याला सशर्त, नाहीतर चक्क बंदी. सशर्त परवानगीवर काम भागत असेल तर झोन बदलाच्या वाटेला जाऊ नका, उगाच मोठं दुखणं अंगावर घेतल्यासारखं होतं.

आता झोन बदल लागणारच असेल तर माझी पहिली फजिती ऐका. मला वाटलं सगळे ट्रॅफिकवरून भांडतील, म्हणून मी जाडजूड ट्रॅफिक रिपोर्ट करून घेतला. सेल्फ स्टोरेजला गाड्या फारच कमी येतात हे खरंच आहे, लोक सामान टाकतात आणि महिनोन्‌महिने फिरकत नाहीत, कुठल्या वापराला किती गाड्या येतात ते सांगणाऱ्या ट्रॅफिकवाल्यांच्या आयटीई मॅन्युअलमध्ये मिनी-वेअरहाउसला 151 नंबरचा वेगळा कोडच आहे आणि त्याचे आकडे बघितले तर शेजारच्या कुठल्याही दुकानापेक्षा कमी. सुनावणीत मी ते आकडे अगदी रंगवून सांगितले. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कामाला माणसं किती?" मी म्हटलं, तीन. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा विषय घ्या म्हणाल्या. तिथेच संपलं.

म्हणजे जो मुद्दा मी हुकमाचा एक्का समजत होतो, तोच माझ्या विरोधात गेला, कारण गाड्या येत नाहीत याचाच अर्थ माणसं कामाला येत नाहीत, आणि औद्योगिक जमीन राखून ठेवलेली असते ती रोजगारासाठी. हे फक्त आमच्याकडच्या समितीचं खूळ होतं असं समजू नका, न्यूयॉर्क शहराने 2017 च्या डिसेंबरमध्ये याच कारणावरून ठराविक औद्योगिक भागांत नव्या सेल्फ स्टोरेजवर बंधनं घातली, बांधायचं तर काही जागा उद्योगांना सोडा असा साधारण प्रकार.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो. प्लॉटच असा निवडला की कारखान्याला तो नकोसाच वाटेल, त्रिकोणी, आतून हाय टेन्शन लाइन गेलेली, ट्रेलर वळायला जागा नाही, आणि एका अंगाला घरं. प्रस्तावात मांडणी अशी केली की गाळे म्हणजे घरं आणि कारखाने यांच्यामधली आवाज न करणारी भिंत. शिवाय पुढचा एक पट्टा छोट्या वर्कशॉपसाठी ठेवला, सुतार, फॅब्रिकेशनवाले, प्रिंटिंगवाले वगैरे. खरं सांगायचं तर त्या पट्ट्यातून भाडं फार सुटत नाही, पण माणसं किती याचं उत्तर तीनवरून बरंच वर गेलं आणि फाइल हलली.

शेजाऱ्यांचं एक वेगळं असतं. ते तुमच्या गाळ्यांना घाबरत नाहीत, ते झोनला घाबरतात. झोन बदल जमिनीला चिकटतो, तुम्हाला नाही, उद्या तुम्ही बांधलंच नाही आणि जमीन विकली तर नव्या झोनमध्ये जे जे चालतं ते सगळं तिथे येऊ शकतं, आणि लोकांना हे बरोबर कळतं. म्हणून नियमात बसत असेल तर आपणहून अटी लिहून द्या, वापर फक्त स्टोरेजचा, दिवे खाली तोंड केलेले, गेटची वेळ ठरलेली, आमच्या वेळी याने अर्ध्या हरकती गळाल्या.

जागेचा हिशोबही आताच करा, नंतर झोन मिळून उपयोग नाही. एकमजली गाळे असतील तर मी जमिनीच्या 40 टक्क्यांच्या आसपास बांधकाम धरतो, म्हणजे तुमच्या अडीच एकरात बांधलेलं साधारण एकच एकर. बाकीचं रस्त्यात जातं, अमेरिकन फायर कोड बंबाच्या रस्त्याला निदान 20 फूट मोकळे मागतो आणि वळणावर त्याहून जास्त लागतात, आणि सगळीकडे छप्पर नाहीतर डांबर झाल्यामुळे पावसाचं पाणी अडवायला तळं करावं लागतं ते वेगळं. ते तळं हमखास तुमच्या सगळ्यात चांगल्या कोपऱ्यात येतं, का कुणास ठाऊक. जुनी ऑफिसची इमारत घेऊन त्यात गाळे पाडायचा विचार असेल तर मजल्याची ताकद बघा, अमेरिकेतल्याच बिल्डिंग कोडात ऑफिसचा मजला चौरस फुटाला 50 पाउंडाच्या हिशोबाने असतो आणि हलक्या स्टोरेजला 125 लागतात.

आणि कृपा करून झोन मिळायच्या आधी जमीन घेऊन बसू नका. इसार द्या, करारात सरळ लिहा की झोन बदल नाही झाला तर इसार परत, आणि मुदत भरपूर घ्या, सुनावण्या पुढे ढकलल्या जातातच. मातीची तपासणीही त्याच अटीत घाला, औद्योगिक जमिनीच्या पोटात काय असेल सांगता येत नाही. आमच्या त्रिकोणी प्लॉटच्या एका कोपऱ्यात गवतच उगवत नव्हतं, काठीने उकरलं तर माती काळी आणि डिझेलचा वास. मालक म्हणे कधीतरी गाडी उभी असायची. बोअर मारल्यावर खाली जुनी टाकी निघाली, ती काढायचा खर्च त्याने किमतीतून वजा केला, आणि हे करारात आधी लिहिलेलं होतं म्हणूनच केला.