तेल भरपूर, तरी वाटी फाटते

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे, हायड्रॉलिक प्रेसवर ३०४ ग्रेड स्टेनलेसच्या वाट्या काढतो. पितळेला कधी त्रास झाला नाही, पण स्टील तळाच्या कोपऱ्याशी फाटतं आणि वाटीला बाहेरून ओरखडे येतात. ब्लँकला (पत्र्याच्या गोल चकतीला) दोन्ही बाजूंनी जुनं इंजिन ऑइल फासतो. अजून वाढवू का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: वाढवू नका, आधी तेल लागतंय कुठे ते बघा. घर्षण सगळीकडे वाईट नसतं. पत्रा होल्डरखालून (ब्लँकची कड दाबून धरणारी रिंग) सरकत डायच्या (बाहेरचा साचा) गोलाईवरून आत उतरतो, तिथे तो अडला की ओढ वाढते आणि सगळा ताण तळाच्या कोपऱ्यावर येतो, म्हणून डायकडची बाजू आणि होल्डरखालची कड इथे तेल पाहिजेच. पंचच्या (पत्रा डायमध्ये ढकलणारा ठोकळा) टोकाशी मात्र उलटं, तिथे पत्रा पंचला धरून राहिला तरच कोपऱ्यात ताणून पातळ होत नाही, आणि तुम्ही मधोमध तेल लावून नेमकी तीच पकड घालवताय! पंचकडचा मधला भाग कोरडा पुसून घ्या.

दुसरं म्हणजे ते जुनं ऑइल आजच बंद करा, खरंच. स्टेनलेस काढताना दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात, साध्या तेलाचा थर तुटतो आणि पत्र्याचे कण डायला वेल्ड झाल्यासारखे चिकटतात (ह्यालाच गॉलिंग म्हणतात), मग तो कणच पुढच्या प्रत्येक वाटीला ओरखडत जातो. शिवाय वापरलेल्या ऑइलमध्ये कॅन्सर करणारी रसायनं असतात आणि पोरं ते दिवसभर हाताने फासतात. ईपी (जबर दाबातही थर टिकवणारं) ॲडिटिव्हवालं ड्रॉइंग ऑइल घ्या, नाहीतर डायकडून पातळ पॉलिथिन फिल्म लावा. क्लोरीनवालं ऑइल असेल तर ॲनीलिंगच्या (तापवून मऊ करण्याच्या) आधी वाटी नीट धुवायची, नाहीतर स्टेनलेसलाही गंज लागतो.

डायवर चिकटलेलं बारीक ऑइलस्टोनने काढा, पॉलिश पत्रा सरकतो त्याच दिशेने मारा. सारखंच चिकटत असेल तर ॲल्युमिनियम ब्राँझची डाय रिंग बसवा, स्टेनलेस तिला सहसा धरत नाही.

नवीन तेल आणलं की ब्लँक तोच, होल्डरचा दाबही तोच ठेवून प्रेसचं गेज बघा, ज्या तेलाला पंच कमी दाबात उतरतो ते चांगलं. होल्डर मात्र सुरकुत्या थांबतील एवढाच आवळा, जास्त आवळला की घर्षण परत वाढतं. आणि ब्लँकचा व्यास पंचच्या साधारण १.८ पटीच्या वर जात असेल तर नुसत्या तेलाने भागणार नाही, वाटी दोन ड्रॉमध्येच (दोन टप्प्यांत) काढा.