मुलीला ३० सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालून बोलावलंय आणि शाळा कॅथलिक आहे. तिला काय सांगू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमचे मिस्टर गोव्याचे कॅथलिक, तुम्ही पुण्याच्या, वर्षभरापूर्वी कॅनडात मिसिसागाला आलात. सहा वर्षांची मुलगी कॅथलिक शाळेत पहिलीत आहे. शाळेतून नारिंगी शर्टची चिठ्ठी आली, तुम्ही शोधाशोध केली आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबाबांपासून तोडून ज्या वसतिशाळांत ठेवलं त्यांच्याबद्दल जे वाचलं त्याने झोप उडाली. एवढ्या लहान मुलीला कितपत सांगायचं? ज्या चर्चने हे केलं त्याच चर्चच्या शाळेत ती रोज जाते, मग सांगायचं तरी कसं? आणि आपण काल आलेली माणसं, आपला यात काय संबंध?

मी वसईची, कुपारी कॅथलिक. लग्न होऊन तुमच्या शेजारच्या ब्रॅम्प्टनला आले, मुलगा इथल्याच कॅथलिक शाळेत शिकतो, आता पाचवीत आहे. काही वर्षं मी त्याच्या शाळेच्या कौन्सिलवर होते. तुमच्या जागी मी २०२१ मध्ये होते आणि तेव्हा माझी मोठी चूक झाली. तिथूनच सुरुवात करते.

त्या वर्षी मे महिन्यात ब्रिटिश कोलंबियातल्या कॅम्लूप्स इथे, जुन्या वसतिशाळेच्या आवारात, जमिनीखालचं टिपणाऱ्या रडारवर सुमारे २०० ठिकाणी मुलांच्या कबरी असाव्यात अशा खुणा दिसल्या. सगळा देश हादरला. ३० सप्टेंबर हा ‘नॅशनल डे फॉर ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन’ (सत्य आणि समेटाचा दिवस) म्हणून पाळायचं त्याच वर्षी कायद्याने ठरलं. मुलगा पहिलीत होता. सकाळी त्याच्या अंगात नारिंगी शर्ट घालताना मी म्हणाले, “खूप वर्षांपूर्वी काही वाईट लोकांनी लहान मुलांना आईबाबांपासून लांब नेलं होतं. ती मुलं आपल्याला आठवतात म्हणून हा शर्ट.” मला वाटलं, छान निभावलं.

दुपारी तो घरी आला. मास्क हनुवटीवर ओढलेला, दप्तर अजून पाठीवरच. म्हणाला, “मम्मी, ते वाईट लोक म्हणजे फादर आणि सिस्टर होते. तू सांगितलं नाहीस.” बाईंनी खरं ते सांगितलं होतं, त्याच्या वयाला झेपेल असंच. पुढच्या रविवारी मिस्सेला निघताना तो गाडीपाशी उभाच राहिला, आत बसेना. चर्चने काय केलं यापेक्षा मी लपवलं, हे त्याला जास्त लागलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट: “काही वाईट लोक” असं सांगू नका. ते खरंही नाही. दीड लाखाहून अधिक मुलं शंभरेक वर्षं या शाळांत नेली गेली, हे चार वाईट माणसांचं काम नव्हे. कायदा सरकारचा होता, पैसा सरकारचा होता आणि शाळा चर्चनी चालवल्या. त्यातल्या साधारण ६० टक्के आपल्या, कॅथलिक संस्थांच्या. पोप फ्रान्सिस जुलै २०२२ मध्ये आल्बर्टात मास्क्वासिसला आले, व्हीलचेअरवरून, आणि त्यांनी क्षमा मागितली. तेव्हा या शाळांची चौकशी केलेल्या सत्य आणि समेट आयोगाचे अध्यक्ष राहिलेले मरी सिंक्लेअर यांनी लगेच बोलून दाखवलं होतं की दोष काही व्यक्तींवर टाकून भागणार नाही, संस्था म्हणून चर्चचा यात हात होता. ते वाचताना मला माझं त्या सकाळचं वाक्य आठवलं.

सहा वर्षांच्या मुलीला सांगायला शर्टाची गोष्ट पुरे, कारण ती खऱ्याच सहा वर्षांच्या मुलीची आहे. फिलिस वेबस्टॅड यांची. १९७३ साली आजीने त्यांना दुकानात नेलं. शाळेत पहिल्यांदा जायचं म्हणून फिलिसने स्वतः निवडून एक चकचकीत नारिंगी शर्ट घेतला, पुढून नाडी ओवलेला. विल्यम्स लेकजवळच्या मिशनच्या वसतिशाळेत पोचल्यावर तिचे कपडे काढून घेतले, त्यात तो शर्टही गेला आणि पुन्हा कधी मिळाला नाही. मोठेपणी त्यांनी ही गोष्ट लोकांना सांगितली आणि २०१३ पासून नारिंगी शर्टाचा दिवस सुरू झाला. सहा वर्षांच्या मुलीला आवडीचा शर्ट म्हणजे काय ते बरोबर कळतं. आजी म्हणजे काय तेही कळतं. कबरींचं आत्ता बोलू नका. तिने स्वतःहून विचारलं तर “हो, काही मुलं आजारी पडली आणि घरी परत आली नाहीत” एवढं खरं खरं सांगा आणि तिला जवळ घ्या. या शाळांत गेलेल्या चार हजारांहून अधिक मुलांचे मृत्यू आता नावानिशी नोंदले गेले आहेत. ते ती मोठी होईल तसं तिला कळेल.

एक शब्द मात्र जपून वापरा. आपण मराठीत ‘निवासी शाळा’ किंवा ‘बोर्डिंग’ म्हटलं की डोळ्यांसमोर पाचगणी येते, नवोदय येते. आईवडील फी भरून पाठवतात, नंबर लागला तर पेढे वाटतात. इथे तसं नव्हतं. १९२० मध्ये मूळ रहिवाशांना लागू असलेल्या इंडियन अॅक्टमध्ये दुरुस्ती करून ७ ते १५ वर्षांच्या मुलांना शाळेत धाडणं सक्तीचं केलं, न पाठवणाऱ्या आईबापांना शिक्षा. मुलांचे केस कापले जायचे, कित्येक शाळांत नावाऐवजी नंबर असायचा, भाऊबहीण एकाच इमारतीत असून बोलू शकायचे नाहीत. आणि आपल्या भाषेत बोललं की मार. मुलीला सांगताना “आईबाबांना कुणी विचारलंच नाही” हे वाक्य नक्की घाला, नाहीतर तिला वाटेल की त्या मुलांच्या आईबाबांनीच त्यांना सोडून दिलं. माझ्या मुलाला तसंच वाटलं होतं, आणि कित्येक रात्री तो मला विचारायचा, “तू नाही ना पाठवणार?”

आणि ‘रेड इंडियन’ हा शब्द घरातून कायमचा काढा. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट म्हणा. शक्य असेल तिथे त्या-त्या लोकांचं नाव घ्या.

भाषेचं मी त्याला माझ्या आजीवरून सांगितलं. ती लाल लुगडं नेसायची आणि आमच्या कादोडी बोलीशिवाय काही बोलायची नाही. मी पहिलीत गेले तेव्हा वर्गात कादोडी शब्द तोंडातून गेला की हसू व्हायचं, बाई “नीट बोल” म्हणायच्या. मी रडत घरी यायचे आणि आजी त्याच कादोडीत मला जवळ घ्यायची. मुलाला म्हटलं, आता समज, हसण्याच्या जागी मार मिळाला असता आणि संध्याकाळी घरी आजीच नसती. ही तुलना मी इथेच थांबवते, कारण माझ्या वाट्याला आलं ते त्याच्या शतांशही नव्हतं. पण मुलाला रस्ता सापडला तो इथून.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न, कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलाला हे कसं सांगायचं. मला वाटतं, कॅथलिक मुलाला हे समजायला उलट सोपं जातं. तुमची मुलगी दुसरीत गेली की प्रथम ख्रिस्तप्रसादाआधी तिची पापनिवेदनाची तयारी सुरू होईल. त्या संस्काराचं इथलं नाव काय आहे? रिकन्सिलिएशन. तोच शब्द. आणि त्याच्या पायऱ्या मुलं पाठ करतात: मी काय केलं ते आठवायचं, वाईट वाटून घ्यायचं, तोंडाने कबूल करायचं, पुन्हा करणार नाही म्हणायचं, आणि फादर सांगतील ते प्रायश्चित्त करायचं. कुणाची वस्तू घेतली असेल तर ती परतही करायची.

२०२३ च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात माझा मुलगा हेच पाठ करत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही, मी भाकऱ्या थापत होते. मध्येच म्हणाला, “मग पोपनी कॅनडात येऊन कन्फेशन केलं ना? त्यांना पेनन्स काय मिळालं?”

या वेळी मी लपवलं नाही. त्याला सांगितलं की आधी एकदा करार झाला होता, २००६ मध्ये. त्यात कॅथलिक संस्थांनी लोकांकडून अडीच कोटी डॉलर जमवायचा प्रयत्न करायचा होता आणि जमले चाळीस लाखांच्या आत. म्हणजे पेनन्स अर्धवट टाकलं. मग २०२१ मध्ये इथल्या बिशपांनी माफी मागितली आणि पाच वर्षांत ३ कोटी डॉलर द्यायचं नव्याने कबूल केलं. आणि २०२३ च्याच मार्चच्या अखेरीस व्हॅटिकनने आणखी एक जाहीर केलं: पंधराव्या शतकातल्या पोपच्या ज्या फर्मानांचा आधार घेऊन युरोपच्या राजांनी दुसऱ्यांच्या जमिनी आपल्या म्हटल्या, तो विचार चर्चला मान्य नाही. (हे आपल्याला दूरचं वाटायला नको. त्यातलं १४५५ चं फर्मान पोर्तुगालच्या राजालाच दिलेलं होतं, आणि त्याच पोर्तुगालने पुढे गोवा घेतलं, १५३४ मध्ये वसई घेतली. तुमच्या मिस्टरांचा आणि माझा धर्म त्याच जहाजांतून आला. मी या धर्मावर जीव टाकते, पण तो कसा आला हे मुलापासून लपवायचं मला काही कारण दिसत नाही.)

तो ऐकत होता. मग म्हणाला, “आणि तिला शर्ट परत दिला का?”

“नाही,” मी म्हटलं.

त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. त्यानंतर मिस्सेला जायला तो कधी अडला नाही. चुकलेलं चर्च त्याला चालतं. खोटं बोलणारं चालत नाही, आणि खोटं बोलणारी आईही.

शाळेकडून मात्र अपेक्षा ठेवा. एका वर्षी आमच्याकडे त्या दिवशी नुसती कागदी शर्टांची रंगवारंगवी झाली, एक अक्षर कुणी बोललं नाही. मला फार वाईट वाटलं आणि कौन्सिलच्या बैठकीत मी ते बोलले. भांडण केलं नाही, कागद पुढे ठेवला. २०१५ मध्ये आयोगाने ९४ शिफारशी केल्या, त्यातली ६४ वी आपल्यासारख्या शाळांसाठीच आहे: सरकारी पैशावर चालणाऱ्या धार्मिक शाळांनी मूळ रहिवाशांच्या श्रद्धा आणि परंपरा शिकवाव्यात, आणि तो पाठ त्यांच्याच ज्येष्ठांबरोबर बसून तयार करावा. पुढच्या वर्षी अनिशिनाबे या मूळ रहिवासी लोकांतल्या एक आजी शाळेत आल्या. सेज नावाची वनस्पती जाळून तिचा धूर हाताने चेहऱ्यावर कसा घ्यायचा ते त्यांनी दाखवलं. मुलांनी तो डोळ्यांवर, कानांवर, छातीवर घेतला. वर्गातली एक केरळची मुलगी म्हणाली, “आमच्या चर्चमध्ये पण असाच धूर असतो.” आजी हसल्या आणि तिला पुढे बोलावलं. मागच्या खुर्चीवर बसलेल्या मला रडू आवरेना.

शाळेत संत कातेरी तेकाक्विथाची मूर्ती किंवा चित्र असेल तर मुलीला दाखवा. ती मोहॉक या मूळ रहिवासी लोकांतली होती, १६८० मध्ये गेली, २०१२ मध्ये संत म्हणून जाहीर झाली. तिचे अवशेष माँट्रियलजवळ कानावाग्याला आहेत आणि तिचे लोक आजही तिथेच राहतात. मूळ रहिवासी असून कॅथलिक असलेली कुटुंबं आजही पुष्कळ आहेत, कदाचित तिच्या वर्गातही असतील. त्यामुळे “ते” आणि “आपण” असं बोलण्यात येऊ देऊ नका.

राहिला आपला संबंध. मिसिसागा हे नावच इथल्या मूळ रहिवासी लोकांचं आहे. तुम्ही एग्लिंटन रस्त्याच्या उत्तरेला राहत असाल तर तुमचं घर, ब्रॅम्प्टनमधल्या माझ्या घरासारखंच, १८१८ च्या एजिटन्स करारात गेलेल्या जमिनीवर आहे. दक्षिणेला असाल तर बहुधा १८०६ च्या करारातल्या. क्रेडिट नदीकाठचे मिसिसागा लोक १८४७ मध्ये इथून उठून हेगर्सव्हिलजवळ गेले. आणि तुम्ही कधी नागरिकत्व घेतलंत तर शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटींचे करारांतले हक्क मान्य करणाऱ्या राज्यघटनेसह कॅनडाचे कायदे पाळीन असं म्हणावं लागतं. २०२१ पासून ते शब्द शपथेत आहेत. आपण काल आलो हे खरं, पण राहतोय त्याच कराराच्या जमिनीवर.

मुलीला पहिल्यांदा सांगाल ते ३० तारखेच्या सकाळच्या घाईत नको. आदल्या रात्री, शर्ट खुर्चीवर काढून ठेवताना सांगा आणि मिस्टरांनाही जवळ बसवा. चर्चबद्दलचं वाक्य त्यांच्या तोंडून आलेलं बरं. शर्ट मूळ रहिवाशांनी बनवलेला किंवा ज्याचे पैसे त्यांच्या संस्थेकडे जातात असा घ्या. त्या दिवशी ऑन्टेरियोत शाळांना सुट्टी नसते, म्हणजे ती संध्याकाळी घरी येऊन काहीतरी विचारणारच. तेव्हा फोन बाजूला ठेवा.

आणि तिला त्या लोकांची फक्त दुःखाची गोष्ट माहीत असायला नको. ऑगस्टच्या शेवटी हेगर्सव्हिलजवळ मिसिसागाज ऑफ द क्रेडिटचा पाववाव, म्हणजे नाचगाण्याचा मेळावा असतो, सगळ्यांना खुला. आम्ही गेलो तेव्हा मुलाने कॉर्न सूप प्यायलं, फ्राय ब्रेड खाल्ला आणि सगळ्यांसाठी नाच पुकारला तेव्हा रिंगणात उतरला. त्याच्या पुढे त्याच्याएवढीच एक मुलगी जिंगल ड्रेस घालून नाचत होती, तिचं बघून हा पाय टाकत होता. फोटो कधी काढायचे नाहीत ते माइकवरून सांगतात, तेवढं पाळा. गेलात तर लवकर पोचा, ग्रँड एन्ट्री, म्हणजे सगळे नाचणारे रिंगणात येतात ती सुरुवात, चुकवू नका.